खरा व पहिला शोधक

माझं लग्न होऊन मी मालवणात आले तेव्हा आमचा छापखाना म्हणजे बाजारातल्या दोन खोल्या आणि मागे एक पडवी. पुढच्या खोलीत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आचऱ्याच्या उत्सवाची हस्तपत्रकं, सगळं त्याच्यावर निघे. मागच्या खोलीत हाताने ओढायचं लिथोचं यंत्र होतं आणि यजमानांचा जीव त्यात गुंतलेला होता. लग्नाआधी आठ वर्षं ते मुंबईच्या एका मोठ्या छापखान्यात कॅलेंडरं आणि लेबलं छापत होते. सासरे गेले तेव्हा गावी परतले ते हे जुनं यंत्र बोटीत घालूनच. आंब्याच्या पेट्यांवरची, काजूच्या डब्यांवरची, कोकम सरबताच्या बाटल्यांवरची रंगीत लेबलं छापून घ्यायला वेंगुर्ल्यापर्यंतचे व्यापारी आमच्याकडे येत. फक्त जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते यंत्र गप्प असे.

त्याचं कारण हवेत होतं. लिथोला जस्ताचा पत्रा लागतो. त्याच्यावर अंड्यातलं पांढरं आणि बायक्रोमेट नावाचा नारिंगी क्षार यांचा पातळ थर द्यायचा, तो अंधारात सुकवायचा आणि वर चित्राची निगेटिव्ह दाबून पत्रा उन्हात धरायचा. उजेड लागतो तिथला थर घट्ट होतो आणि शाई धरतो, बाकीचा पाण्याने धुऊन जातो. पावसाळ्यातही दोन सरींच्या मध्ये ऊन पडतं, तेवढं पुरलं असतं. पण आमच्या दमट हवेत तो थर उजेड लागायच्या आधीच, अंधाऱ्या खोलीत घट्ट होऊन बसायचा. धुवायला घेतला की काही सुटायचं नाही. शाईचा रूळ फिरवला की आंबा, आंब्याचं पान, व्यापाऱ्याचं नाव, सगळं एका काळ्या डागाखाली जायचं.

यजमानांना ते सोसत नसे. पावसाळ्यात ते जेवताना दोनदा उठत, पडवीत जाऊन पत्र्याला बोट लावून येत. बोलता बोलता थांबत आणि भिंतीकडे बघत राहत. मी वेंगुर्ल्याच्या शाळेत मॅट्रिक झालेली, वडील शिक्षक, माझं इंग्रजी अक्षर चांगलं. म्हणून छापखान्याची मुंबईची पत्रं मी लिहू लागले होते. रसायनांच्या दुकानांना, कागदवाल्यांना. हळूहळू मलाही त्या मागच्या खोलीचा वास आवडायला लागला, आणि घरात बसून राहणं जड जायला लागलं. सासूबाई म्हणत, “दोघांच्याय पायाक भिंगरी.”

पहिली दोन वर्षं अंड्यांत गेली. पांढरं पत्र्याला जायचं आणि पिवळं स्वयंपाकघरात. पिवळ्याचं कालवण, पिवळ्याची पोळी, पिवळ्याचं काहीतरी रोज ताटात असे. मग यजमानांच्या डोक्यात आलं की अंड्याऐवजी डिंक वापरून पाहावा. माझं आजोळ धामापूरला. तिथे तळ्याच्या वरच्या अंगाला मामांची काजूची झाडं होती, त्यांच्या सालीतून सोनेरी डिंक गळायचा. मामांनी पोतडीभर पाठवला. यजमान तो भिजवत, उकळत, फडक्यातून गाळत. जानेवारीत त्या डिंकाने इतकी स्वच्छ प्लेट, म्हणजे चित्र उमटलेला पत्रा, निघाली की यंत्र ओढणारे देवबागचे काका, जे सहसा कशाचंच कौतुक करत नसत, ते ती प्लेट दारात घेऊन उभे राहिले. जून आला आणि पुन्हा तोच काळा डाग.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी वर्षाची होती. तिच्या पोटात दुखायचं, म्हणून मी शिंपल्यांच्या चुन्याची निवळ करून बाटलीत ठेवत असे. चुना पाण्यात घोळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं, एवढंच. एक दिवस यजमान आचऱ्याला हस्तपत्रकं पोचवायला गेले होते. जाताना सांगून गेले, “डिंक गाळून ठेव गो, मी इल्यार पत्रो लावतंय.”

मी भांड्यावरचं झाकण काढलं तर आंबलेल्या पिठासारखा वास आला. कालचाच डिंक होता. रात्रीच्या दमट हवेत तो आंबला होता, आणि बहुधा रोजच आंबत असणार. यजमानांना शाईच्या आणि रॉकेलच्या वासापुढे तो कळत नव्हता. मी मात्र स्वयंपाकघरातून आले होते. थर बिघडतो तो या आंबटपणानेच असावा असं मला वाटलं, आणि आंबटपणा घालवायचा एकच उपाय मला माहीत होता. मी मुलीची बाटली आणली.

किती घालायची ते कळेना. तेव्हा मला कुंकू आठवलं. आईकडे आम्ही घरीच कुंकू करत असू. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी एक पांढरी चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवून चुलीजवळ वाळवली. डिंकाचा थेंब तिच्यावर टाकला, पिवळीच राहिली. थोडी निवळ घातली, पुन्हा थेंब, पुन्हा पिवळी. असं करत करत एका थेंबाला चिंधी जराशी तांबूस झाली, तिथे मी हात आखडता घेतला. बाटली जवळजवळ संपली होती.

संध्याकाळच्या आत यजमान आले. पत्र्याला तो डिंक लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगलं ऊन पडलं, आणि पाण्याखाली धरल्यावर त्या पत्र्यावरून नको तो सगळा थर सुटून गेला. आंबा राहिला, पान राहिलं, नाव राहिलं.

“ह्या खेपेक डिंक जास्त उकळलो, म्हणान झाला,” यजमान काकांना सांगत होते.

मी दारातून म्हणाले, “डिंकान नाय. मी तेच्यात चुन्याची निवळ घातलंय.”

“खंयची निवळ?”

“चेडवाच्या बाटलीतली. डिंकाक आंबट वास येत होतो.”

काका मोठ्याने हसले. यजमान हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “किती घातलंस?”

“हळदीची चिंधी केलंय, तिच्यार थेंब टाकून...”

“चुनो!” ते म्हणाले. “चुनो गो! माझ्या कसा लक्षात नाय इला?” आणि वही शोधायला पुढच्या खोलीत गेले. माझं वाक्य तिथेच राहिलं. काका ओला पत्रा पुसत होते, ते म्हणाले, “तुमी सांगा वयनी, माका सांगा.” मी त्यांना सांगितलं.

तो सबंध पावसाळा यंत्र चाललं. डिंक तयार करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, जसं घरातलं कुठलंही काम येतं. मी चिंधी घेऊन बसे, थेंब टाके, भांडं भरून मागच्या खोलीत नेऊन ठेवी. यजमान पहिल्या महिन्यात म्हणत, “आमचो डिंक”. दिवाळीच्या सुमारास म्हणायला लागले, “माझो डिंक”. मी ते ऐकत असे आणि स्वतःशीच चिडत असे की असल्या गोष्टीची नोंद मी का ठेवते आहे.

एक आंबेवाले व्यापारी मुंबईहून आले होते. पावसाळ्यात छापलेली लेबलं पाहून ते म्हणाले, “ह्याचा पेटंट घेवा. दुसऱ्या कोणी घेतल्यान तर तुमका हात चोळीत बसूचा लागतला.” त्यांनीच फोर्टमधल्या एका पेटंट एजंटचा पत्ता दिला. एजंटकडून जाडजूड लखोटा आला. अर्ज कलकत्त्याला जायचा होता. आधी तात्पुरता अर्ज, मग नऊ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील. सोबत एक प्रतिज्ञापत्र होतं.

यजमानांनी कच्चा मजकूर केला आणि मी पक्की नक्कल करायला बसले. जेवणानंतरची वेळ होती, मुलगी झोपली होती, यजमान शेजारी खुर्चीवर बसून पाय हलवत होते. प्रतिज्ञापत्रात छापलेलं होतं की अर्जदार या शोधाचा खरा व पहिला शोधक आहे. रिकाम्या जागी नाव भरायचं होतं. मी माझ्या चांगल्या अक्षरात यजमानांचं नाव लिहिलं. त्यातल्या पहिल्या अक्षरावर शाईचा थेंब पडला, मी टिपकागद लावला.

“काय झाला?” त्यांनी विचारलं.

“काय नाय.”

मग तपशील आला. काजूचा डिंक इतका, पाणी इतकं, उकळायचं इतकं, आणि चुन्याची निवळ एका पौंडाला दोन औंस. मी तिथे थांबले. दोन औंस हे त्यांनी कुठून आणलं होतं देव जाणे. कदाचित एकदा भांडं भरताना त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं असेल. निवळ कधी एक औंस लागायची, कधी साडेतीन. डिंक किती आंबला आहे त्यावर ते होतं, आणि ते फक्त चिंधी सांगायची. चिंधीचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. हा कागद वाचून कोणी प्लेट केली असती तर पाचातली एखादी साधली असती.

मला हे पूर्ण माहीत होतं. मी ‘दोन औंस’ असं लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात.

हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, यजमानांशिवाय. चूक पुढे उघड झाली तेव्हा लोक समजले की नक्कल करताना मला विसर पडला असेल, किंवा बायकांना असल्या कागदांतलं काय कळणार. मला कळत होतं. मी सही घ्यायला कागद त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी ऐटीत सही केली आणि मी लखोटा चिकटवला.

त्यानंतरचे महिने मला नीट बसता आलं नाही. पोस्टमनची सायकल वाजली की मी चुलीपुढे जाऊन बसे. यजमान दारात जाऊन उभे राहत, मी आत भात करपवत असे. पत्र आलं नाही की मला सुटल्यासारखं वाटे, आणि लगेच दुसऱ्या मिनिटाला वाटे, आजच येऊन गेलं असतं तर बरं झालं असतं. किती वेळा मी ठरवलं की आज सांगायचं. अजून पूर्ण तपशील पाठवायचा होता, चूक सुधारता आली असती. पण त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकासमोर “माझो डिंक” म्हटलं की माझं तोंड मिटायचं. मुलीला उगाच रागवायची मी. एकदा सासूबाईंनी तिला माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, “तुका काय होता गो? सांगशीत तर खरा.” मी विहिरीवर निघून गेले.

जुलैत एजंटचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. मुंबईच्या एका लिथो छापखान्याचे मालक आमच्या पद्धतीत रस घेत होते. एजंटने त्यांना तपशील दिला होता, त्यांनी त्याप्रमाणे सहा प्लेटा करून पाहिल्या. पाच काळ्या झाल्या. एजंटने सभ्य शब्दांत लिहिलं होतं की कागदावरून दुसऱ्या कारागिराला करता येत नसेल तर असं पेटंट मिळूनही उपयोग नाही, तेव्हा मुदत संपायच्या आत तपशील दुरुस्त करून पाठवावा, शक्य तर स्वतः येऊन दाखवावं.

“तेंका करूक येत नाय,” यजमान म्हणाले. “मुंबयचे कारागीर! मी करून दाखयतंय.”

त्यांनी स्वतः डिंक उकळला. मला जवळ येऊ दिलं नाही. मापाच्या पेल्याने बरोबर दोन औंस निवळ घातली. पहिली प्लेट काळी. पेला धुऊन पुन्हा केलं, दुसरी काळी. तिसरीवर अर्धा आंबा राहिला. मी पडवीत उभी होते. काकांनी तिसरा पत्रा पाण्यातून काढून भिंतीला टेकवला आणि हळूच म्हणाले, “शेटनू, तुमी नको. वयनीक सांगा.”

“काका, तुमी यंत्र ओढा,” यजमान इतक्या जोरात ओरडले की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक उठून गेलं. काकांनी डोक्यावर इरलं घेतलं आणि ते भर पावसात घरी गेले. यजमान माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ट्रंक काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुंबयक जावचा आसा. तू येतलंस. डिंक तूच कर.”

पावसाळ्यात बोट बंद. आम्ही मुलीला सासूबाईंकडे ठेवून एस.टी.ने निघालो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून बेळगावला जायचं आणि तिथून रेल्वे धरायची. माझ्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात डिंकाची पुडी, चुन्याची बाटली आणि हळदीने माखलेल्या चिंध्यांची गुंडाळी. घाटात पाऊस असा होता की काचेतून काही दिसत नव्हतं. आंबोलीला बस थांबली. पुढे रस्त्यावर दरड आली होती, माणसं ती उपसत होती. आम्ही एका टपरीत जाऊन बसलो. यजमानांनी भजी आणि दोन चहा सांगितले. ते प्यायच्या आधीच मी बोलले, कारण आणखी दोन मिनिटं गेली असती तर बोलणं झालं नसतं.

“माका एक सांगूचा आसा.”

“सांग.”

“कागदार दोन औंस लिवलात ना, ता चुकीचा आसा. मी नक्कल केलंय तेवाच माका ठावक होता.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “तेवाच?”

“होय.”

“आणि सांगलंस नाय?”

“नाय.”

“कित्याक?”

याचं लांबलचक उत्तर मी सावंतवाडीपासून मनात जुळवत आले होते. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, “तेच्यार माझा नाव नव्हता.”

टपरीवाला भजी ठेवून गेला. यजमानांनी भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “तुका नाव होया होता तर मागूक होया होता.”

“तुमका खंय मागूचा लागला?”

ते उठले आणि बाहेर गेले. धुक्यात चार पावलांवर माणूस दिसेनासा होत होता. ते टपरीच्या मागे गेले की रस्त्याने निघून गेले तेही मला कळेना. मी चहा प्यायले, त्यांचाही गार व्हायला नको म्हणून त्यावर बशी झाकली. भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर वर्षभरात पहिल्यांदा मला भूकही लागली होती, मी चार भजी खाल्ली. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा ते आले, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. बसमध्ये शेजारी बसले, तोंड खिडकीकडे. त्यांच्या शर्टातून पाणी गळून माझं लुगडं ओलं होत होतं.

घाटमाथा मागे पडला, पाऊस कमी झाला, बेळगावच्या अलीकडची शेतं दिसू लागली. मग त्यांनी खिशातून वही काढली. तीही भिजली होती. कोरडं पान शोधून म्हणाले, “हळदीचा परत सांग. सावकाश सांग.”

मी सांगितलं. ते लिहीत गेले. मध्ये थांबवून विचारत, हळद कसली, कापड किती जुनं, तांबूस म्हणजे किती तांबूस. इतक्या वर्षांत त्यांनी मला सलग इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. त्यांच्या आवाजात राग होता, तो काही गेला नव्हता. पण विचारत होते.

मुंबईत आम्ही परळला त्यांच्या मावसभावाच्या खोलीवर उतरलो. दुसऱ्या दिवशी त्या छापखान्यात गेलो. आमच्या दोन खोल्या त्याच्या जिन्याखाली मावल्या असत्या. मालक होते, एजंट होते, फोरमन आणि सात-आठ कारागीर भोवती उभे. बाई येऊन काय करते ते बघायला आणखी दोघं जिन्यावर येऊन थांबले. त्यांच्याच भांड्यात भिजवलेला कालचा डिंक मी मागून घेतला, वास घेतला, आंबला होता. चिंधी पसरली. थेंब टाकला, निवळ घातली, थेंब टाकला. फोरमन वाकून बघत होते. नवव्या थेंबाला तांबूस छटा आली.

“बास?” फोरमनने विचारलं.

“बास,” मी म्हणाले.

त्यांच्याकडे उन्हाऐवजी विजेचा मोठा दिवा होता. दोन तासांनी पत्रा धुतला, रूळ फिरवला. साबणाच्या वडीवरचं लेबल होतं, त्यातलं कमळ पाकळीन् पाकळी उमटलं. लगेच फोरमनने स्वतः चिंधी घेऊन दुसरी प्लेट केली, मी हात लावला नाही. तीही साधली. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

एजंट आम्हाला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. तपशील नव्याने लिहायला घेतला. ते पुण्याकडचे, शांत, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “ही हळदीच्या कापडाची युक्ती कोणाची?”

पंखा फिरत होता. यजमान म्हणाले, “हिची.” मग म्हणाले, “चुनासुद्धा हिचाच. डिंक माझा.”

एजंटनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही केलेलं प्रतिज्ञापत्र बरोबर नाही. शोध दोघांचा आहे.” त्यांनी समजावून सांगितलं की नीट करायचं तर हा अर्ज सोडून द्यायचा आणि दोघांच्या नावाने नवा करायचा. तसं केलं तर जुनी तारीख जाणार. मधल्या महिन्यांत दुसऱ्या कोणी असाच अर्ज केला असेल तर आपण मागे पडणार. थोडं थांबून ते म्हणाले, “अर्थात, नवरा-बायकोतली गोष्ट आहे. कोणी विचारायला येणार नाही. तुम्ही ठरवा.”

यजमानांनी एक दिवस मागून घेतला. आम्ही चालत चालत समुद्रावर गेलो. ओहोटी होती, पाणी गढूळ होतं. ते पुढे आणि मी दोन पावलं मागे. “असूंदे, तुमचाच नाव ऱ्हवांदे,” हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेच म्हणायचं मला लहानपणापासून वळण. मी ते म्हटलं नाही. म्हटलं नाही म्हणून लाज वाटत होती, आणि म्हणावंसंही वाटत नव्हतं.

“तारीख जायत,” ते म्हणाले.

मी मागून चालत राहिले.

“दोन वर्सां अंडी फोडलंय मी. तुका ठावक आसा.”

“माका ठावक आसा. पिवळा मीच रांधलंय.”

ते कठड्यावर बसले. “तू काय बोलणस नाय?”

“बोललंय. आंबोलीक.”

त्यांनी मान हलवली. ती कशाला हलवली ते मला तेव्हा कळलं नाही. आम्ही परळला परत गेलो. सकाळी आंघोळ करून ते म्हणाले, “चल.” एजंटच्या टेबलावर नवा अर्ज ठेवला होता, दोन नावांच्या जागा असलेला. त्यांनी आधी वाचला, सगळा, बोट फिरवत. सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. माझी सही वेडीवाकडी आली.

मालवणात परतल्यावर ते पहिल्यांदा देवबागला गेले आणि काकांना बोलावून आणलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

पेटंट मिळालं. त्याला दोन पावसाळे लागले, आणि त्या दोन पावसाळ्यांत यजमानांनी मला तारखेवरून दोन-तीनदा टोचलं, हेही सांगायला हवं. त्यांनी मोठेपणाने सही केली आणि सगळं गोड झालं, असं काही नव्हतं. गिऱ्हाइकासमोर ते आता “आमचो डिंक” म्हणत, पण त्याआधी क्षणभर थांबत. तो क्षण मला ऐकू यायचा. कलकत्त्याचा शिक्का असलेला कागद आला तेव्हा सासूबाईंनी तो उलटासुलटा करून विचारलं, “ह्येचा आता काय करूचा?” यजमानांनी तो ट्रंकेत तळाला ठेवला. मुंबईच्या त्या छापखान्याने आमची पद्धत दोन वर्षं वापरली. मग परदेशातून तयार लेप लावलेल्या प्लेटा यायला लागल्या. नुसतं पाकीट फोडायचं आणि दिव्याखाली धरायची. एजंटने नमुना म्हणून एक पाठवली. यजमानांनी तिच्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेली. “वासच नाय गो हिका,” म्हणाले, आणि पाकिटात परत घालून कपाटावर ठेवली. पेटंटचं नूतनीकरण करायची वेळ आली तेव्हा आम्ही केलं नाही.

आमच्याकडे मात्र डिंक चालू राहिला. यजमान त्या सगळ्यानंतर पुष्कळ निवांत झाले. जेवताना उठत नसत. भिंगरी माझ्या पायाला राहिली.

एकोणीसशे साठच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात कोल्हापूरकडच्या एका छापखानेवाल्यांचं पत्र आलं. त्यांनी आमचा छापील तपशील कुठूनतरी मिळवून वाचला होता. त्यांच्याकडे काजू नव्हता, शेवगा भरपूर होता. शेवग्याच्या डिंकाला हीच पद्धत चालेल का, असं विचारलं होतं. यजमानांनी पत्र वाचून माझ्याकडे दिलं. “तूच लिव जबाब.”

मी तीन पानं लिहिली आणि फाडली, कारण करून पाहिल्याशिवाय लिहिणं बरं वाटेना. मामांच्या परड्यातला शेवगा सोलून डिंक आणवला. भिजवला तर तो फुगून चिकट गोळा व्हायचा, फडक्यातून गळायचाच नाही. गाळला तर पत्र्यावर वाळताना त्याला बारीक भेगा पडायच्या. निवळ कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली, उकळून पाहिला, न उकळता पाहिला. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. तिचा डबा दोनदा विसरले. मे संपेपर्यंत चौदा पत्रे फुकट गेले, आणि शेवटी मी त्यांना लिहिलं की जमत नाही, का जमत नाही ते सांगता येत नाही, तुम्हाला कळलं तर मला जरूर कळवा. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या भेगा का पडत होत्या ते मला अजून माहीत नाही.